नवं छोटं पिस्तूल पहिल्यांदा रेंजवर नेताना

छोटं पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल, हा समज पहिल्या मॅगझिनमध्येच उतरतो. वजन कमी म्हणून धक्का जास्त जाणवतो, दस्ता आखूड म्हणून करंगळी हवेत लोंबकळते, आणि पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या पट्टी आणि खाचेतलं) अंतर कमी म्हणून नेमातली बारीकशी चूक कागदावर मोठी होऊन उमटते. खिशात किंवा कमरेला बाळगायला सोयीचं जे काही असतं, ते सगळं नेम धरताना आडवं येतं. त्यामुळे पहिल्या दिवशी दहाची रिंग शोधत बसू नका. त्या दिवशी दोनच गोष्टी तपासायच्या: हत्यार प्रत्येक काडतूस न अडकता चालवतं का, आणि ते तुमच्या हातात बसतं का. नेमाचं नंतर बघता येतं.

हा लेख .३२ बोअरच्या, म्हणजे ७.६५ मिलिमीटरच्या, परवान्यावरच्या पिस्तुलाला धरून लिहिला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे सराफ, पेट्रोल पंपवाले, बागायतदार किंवा माजी सैनिक यांच्या परवान्यावर हाच बोअर जास्त दिसतो. ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. आणि सातपुड्याच्या सीमेवरून येणारा गावठी कट्टा असेल तर पुढचं वाचूच नका. तो बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि त्याची नळी कधी फुटेल हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कागद आणि जागा

पिस्तुलाचा नंबर परवान्यात चढला आहे की नाही, आणि तो हत्यारावर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे घरीच बघा. परवान्याची हद्दही बघा. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर रावेरहून बऱ्हाणपूरला, नवापूरहून सुरतेकडे किंवा शिरपूरहून सेंधव्याला हत्यार घेऊन जाता येत नाही. आपल्याकडे राज्याची सीमा तासाभरावर असते, आणि बोलता बोलता ती ओलांडली जाते. निवडणुकीची आचारसंहिता असेल, हत्यारं जमा करण्याची नोटीस आली असेल किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा शस्त्रबंदी आदेश लागू असेल, तर त्या दिवसांत रेंजचा बेत करायचा नाही.

रेंज ठरवताना फोनवर एकच प्रश्न स्पष्ट विचारा: “.३२ चं काडतूस तुमच्याकडे चालतं का?” नेमबाजी क्लबची १० मीटरची रेंज बहुतेक वेळा एअर पिस्तूल आणि एअर रायफलसाठी असते. तिथल्या टार्गेटमागचा पत्रा साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यासाठी असतो. काडतुसाची गोळी तो भेदून जाईल किंवा उलटी उडेल. काडतुसी हत्याराला मागे मातीचा भक्कम बट (गोळ्या अडवणारा ढिगारा) किंवा खास बनवलेला बुलेट ट्रॅप लागतो. पोलिसांच्या रेंजवर परवानगीशिवाय आणि ठरल्या वेळेशिवाय जाता येत नाही.

शेतात टेस्ट फायर करून बघतो, असं म्हणणारे बरेच भेटतात. बांधावर उभं राहून झाडलेली .३२ ची गोळी किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि कापसाच्या किंवा केळीच्या पलीकडे कोण वाकून काम करतंय ते दिसत नाही. लग्नात, वरातीत किंवा बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परवाना जातो तो वेगळाच.

दोन ‘बत्तीस’ असतात

दुकानात “बत्तीसची द्या” म्हटलं की चूक होण्याची जागा तयार होते. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं, पुंगळी (गोळीमागची धातूची नळी) सुमारे २३ मिलिमीटरची आणि बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड. पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी सुमारे १७ मिलिमीटरची, कड अगदी जेमतेम बाहेर आलेली. पिस्तुलाला ‘७.६५ मिलिमीटर पिस्तूल’ असं लिहिलेलंच डबं हवं. रिव्हॉल्व्हरचं काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसतच नाही, ते लगेच कळतं. उलटी चूक मात्र फसवी आहे: पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या जागेत) जाऊन बसतं. घरात दोन्ही प्रकारची हत्यारं असतील तर काडतुसं वेगळ्या डब्यांत आणि वेगळ्या कप्प्यांत ठेवा.

बुडावर के. एफ. अशी अक्षरं दिसली तर ते खडकीच्या कारखान्याचं काडतूस. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीतही काडतुसं बनतात, म्हणून “आपल्याकडेच बनतात ना, तिथून मिळतील” असं काही जण समजतात. तो कारखाना मुख्यतः लष्करासाठी माल बनवतो. गेटवर विक्री होत नाही. परवाना असलेल्या दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून, आणि परवान्यात लिहिलेल्या संख्येपुरतीच काडतुसं मिळतात.

पहिल्या दिवसाला ५० काडतुसं पुरतात, आणि तेवढीच न्यावीत. महाग असतात आणि कोटा असतो, हे तर आहेच. पण नवशिक्याचा हात तीस-पस्तीस गोळ्यांनंतर थकतो, आणि थकलेला हात वाईट सवयी पटकन उचलतो. शक्य असल्यास पन्नासही काडतुसं एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) घ्या, नाहीतर दोष हत्याराचा की काडतुसाचा हे ठरवता येत नाही.

आदल्या रात्री

नवीन पिस्तूल कारखान्यातून गंजरोधक ग्रीस लावून येतं. ते चिकट ग्रीस तसंच ठेवून गोळ्या झाडल्या तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) सुस्त चालते, आणि मग “हत्यारच खराब निघालं” अशी तक्रार होते. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक घालूनही खात्री करा. क्रम उलटा होऊ देऊ नका: आधी मॅगझिन, मग चेंबर. मॅगझिन आतच ठेवून स्लाइड ओढली तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आत जाऊन बसतं. “रिकामं होतं हो” म्हणत झालेल्या अपघातांमागे बऱ्याचदा हीच अदलाबदल असते. हे काम करताना खोलीत एकही काडतूस नको.

पुस्तिकेप्रमाणे हत्यार खोला. नळीतून फ्लॅनेलची चिंदी पुल-थ्रूने (नळी साफ करायच्या दोरीने) ओढा, ग्रीस पुसून काढा, आणि स्लाइडच्या दोन्ही खाचांत गन ऑइलचा एकेक थेंब सोडा. जास्त नको. खानदेशात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हवेत धूळ असते. जास्त तेल ती ओढून घेतं आणि तासाभरात काळी लापशी होते. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल कधीच वापरू नका, ते सुकून गोंदासारखं होतं. फायरिंग पिनच्या भोकात तेल सोडू नका. तिथे तेल साचलं की ठोका हलका पडतो.

दोन मॅगझिन असतील तर मार्करने तळावर १ आणि २ असे आकडे टाका. पुढे अडचण आली तर ती नेहमी एकाच मॅगझिनला येते का, हे याच आकड्यावरून कळेल. बऱ्याचदा दोष मॅगझिनच्या ओठात (वरच्या दुमडलेल्या कडांत) किंवा स्प्रिंगमध्ये सापडतो, आणि आकडा टाकला नसेल तर तो शोधत बसावं लागतं.

बॅगेत मूळ परवाना, कुलूपबंद पेटीत रिकामं पिस्तूल, वेगळ्या डब्यात काडतुसं, कानाचे प्लग आणि त्यावरून घालायचे मफ, कडा झाकणारा चष्मा, पुढे छज्जा असलेली टोपी, लहान टॉवेल, वही-पेन, जाड मार्कर, पिवळी चिकटपट्टी, नळी साफ करायचा दांडा आणि दोन लिटर पाणी. प्लग आणि मफ दोन्ही हवेत. आखूड नळीचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि छत असलेल्या रेंजवर तो भिंतींवरून परत येतो. कानाला एकदा झालेली इजा भरून निघत नाही.

कपडे बंद गळ्याचे. गरम पुंगळी उडून कॉलरमध्ये पडली की माणूस पिस्तूल हातात धरूनच उड्या मारायला लागतो, आणि खरा धोका तोच. बायकांनी ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा, पायात चपलेऐवजी बूट घालावेत. टोपीचा छज्जा चष्म्याच्या वरच्या फटीत पुंगळी जाऊ देत नाही.

ऊन

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. उघड्यावरची रेंज असेल तर सकाळी सातची वेळ मागून घ्या. दहानंतर घामाने हात ओला होतो आणि दस्ता तळहातात फिरतो. बंद गाडीत डॅशबोर्डवर ६० अंशांच्या वर तापमान जातं, तिथे काडतुसं ठेवू नका. गरम काडतुसाचा दाब वाढतो आणि गोळ्या ठरल्या जागी पडत नाहीत. वाटेत चहा-नाश्त्याला थांबायचं असेल तर हत्यार गाडीत सोडून उतरायचं नाही, म्हणून थांबूच नका, घरून खाऊन निघा. पाणी कमी झालं की हात थरथरतो आणि ती थरथर थेट कागदावर दिसते.

लाइनवर

पोचल्यावर आधी रेंज ऑफिसरला सांगा: “दादा, हत्यार नवीन आहे, पहिल्यांदाच चालवतोय.” यात कमीपणा काही नाही, तो शेजारची लेन मोकळी ठेवतो आणि मागे उभा राहतो. पेटी लेनच्या टेबलावरच उघडायची, नळीचं तोंड बटाकडे. मागच्या बाकावर उघडून सगळ्यांना दाखवायचं नाही. मेहुणा किंवा मित्र सोबत असेल तर फोटोसाठी हत्यार त्याच्या हातात देऊ नका. ते तुमच्या परवान्यावर आहे, त्याच्या नाही. स्टेटसला टाकलेला फोटो पोलिसांपर्यंत पोचतो, हेही लक्षात असू द्या.

‘लोड’ ऐकल्याशिवाय मॅगझिन लावायचं नाही. ‘स्टॉप’ ऐकलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, मग गोळी सुटायच्या बेतात असली तरी. कोणी टार्गेटकडे गेलं असेल तेव्हा हत्यार टेबलावर, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकवलेली, आणि हात मागे.

छोट्या पिस्तुलाची स्लाइड ओढायला जड असते. या बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी-स्लाइडचं कुलूप नसतं, मागे येणारी स्लाइड फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग रोखतात. स्लाइड हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. नवा माणूस काय करतो ते कोणत्याही रेंजवर बघायला मिळेल: जोर लागावा म्हणून पिस्तूल पोटाजवळ आडवं घेतो, डाव्या हाताने ओढतो, आणि नळी शेजारच्या लेनवर रोखली जाते. असं नको. पिस्तूल छातीसमोर, तोंड बटाकडेच. डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडच्या वरून मागच्या खाचांवर. कोपरं अंगाला चिकटलेली. डावा हात स्लाइड धरून ठेवेल आणि उजवा हात पिस्तूल पुढे ढकलेल. ओढण्यापेक्षा ढकलायला जोर कमी लागतो. स्लाइड पूर्ण मागे गेली की सोडून द्या, हाताने हळूहळू पुढे आणू नका. हळू आणली तर काडतूस अर्धवट बसतं.

पकड

अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी दस्त्यावर जितकी वर जाईल तितकी वर, पण स्लाइडच्या वाटेत नाही. छोट्या पिस्तुलाला मागचं शेपूट आखूड असतं, स्लाइड मागे येताना बेचकीची कातडी सोलून नेते. रिकामं पिस्तूल धरून स्लाइड हळू मागे न्या आणि बघा, कातडीला लागते का. लागत असेल तर मिलिमीटरभर खाली या.

डाव्या हाताची बोटं उजव्याच्या बोटांवर, दोन्ही अंगठे डाव्या बाजूला एकावर एक, पुढे रोखलेले. डावा अंगठा मागून उजव्या मनगटावर आडवा टाकायची सवय बऱ्याच जणांना असते, कारण सिनेमात तसं दिसतं. स्लाइड मागे आली की तोच अंगठा फुटतो. करंगळीला जागा नसेल तर तिला दस्त्याखाली दुमडा, हवेत ताठ ठेवू नका, मनगट ढिलं पडतं. मॅगझिनच्या तळाला जोड मिळत असेल तर ती घ्या.

दोन्ही पाय खांद्याएवढ्या अंतरावर, वजन किंचित पुढे. पाठीमागे रेलून उभं राहिलं की तिसऱ्या गोळीला तोल जातो.

पन्नास गोळ्यांचा हिशेब

पहिली गोळी ५ मीटरवर, मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून. एकच का? सुटल्यावर धक्का बसतो आणि घाबरून बोट पुन्हा आवळलं जातं. तेव्हा आत दुसरं काडतूस नसावं. शिवाय स्लाइड मागे अडकण्याची सोय असलेलं पिस्तूल असेल, तर एका गोळीनंतर ती अडकते का, हे दिसतं. दोन्ही मॅगझिनला एकेक, म्हणजे २ गोळ्या झाल्या.

आता प्रत्येक मॅगझिनमध्ये दोन. ट्रिगर एकदा दाबल्यावर एकच गोळी सुटायला हवी. दुसरी आपोआप सुटली तर तिथेच थांबा, हत्यार रिकामं करा आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. पुन्हा करून बघायचं नाही. एकूण ६.

सगळं ठीक असेल तर पाच-पाचचे तीन गट, ५ मीटरवर, सावकाश. प्रत्येक गटाला नवा कागद किंवा जुन्या भोकांवर पिवळी पट्टी. एकूण २१. मग ७ मीटरवर पाचचे दोन गट, ३१. त्यानंतर मॅगझिन पूर्ण भरून. सात काडतुसांची दोन मॅगझिन धरली तर ४५. पूर्ण भरलेल्या मॅगझिनवर स्प्रिंगचा दाब वेगळा असतो, म्हणून ही चाचणी टाळू नका. उरलेल्या ५ हातात ठेवा. एखादा दोष दुरुस्त केल्यावर पुन्हा तपासायला लागतात. नाही लागल्या तर घरी न्या.

काडतुसं भरताना एक बारीक गोष्ट. या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर असते, त्यामुळे वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की वरचं पुढे सरकतच नाही. मॅगझिन जाम होतं, स्लाइड कितीही ओढा, उपयोग नाही. प्रत्येक काडतूस घालताना त्याची कड खालच्याच्या पुढे आहे याची खात्री करा, मग मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटा. लांबीने आखूड, पोकळ टोकाच्या गोळीला आत हलायला जागा मिळते, म्हणून हा जाम तिच्यात जास्त होतो.

साइट आणि ट्रिगर

मागच्या खाचेत पुढची पट्टी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. नजर पुढच्या पट्टीवर. टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, तसंच दिसायला हवं. हिशेब करा: दोन साइट्समध्ये १२० मिलिमीटर अंतर असेल आणि पुढची पट्टी खाचेत १ मिलिमीटरने सरकलेली असेल, तर १० मीटरवर गोळी सुमारे ८ सेंटीमीटर दूर पडते. १६० मिलिमीटर अंतराच्या मोठ्या पिस्तुलात तीच चूक ६ सेंटीमीटरवर थांबते. म्हणून छोट्या पिस्तुलाची साइट रेंगाळत न बघता कडक बघावी लागते. गोळीचं खाली येणं मात्र विसरा. १० मीटरवर ते जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर असतं.

ट्रिगरवर पहिल्या पेराचा मधला भाग. सरळ मागे, सारख्या वेगाने. सुटण्याचा क्षण तुम्हाला थोडा अनपेक्षित वाटला तर दाब बरोबर आहे. गोळी सुटल्यावर ट्रिगर लगेच सोडू नका. साइट पुन्हा जागेवर आली की मगच सोडा.

उजव्या हाताच्या माणसाचे सगळे ठोके खाली-डावीकडे गोळा होत असतील तर साइट दोषी नाही. धक्का येणार म्हणून हात आधीच खाली दाबला जातोय. याची परीक्षा सोपी आहे: रेंज ऑफिसरला विचारून, सोबत्याकडून मॅगझिनमध्ये डमी (बारूद नसलेलं) काडतूस मध्येच कुठेतरी घालून घ्या. डमीवर ट्रिगर दाबला आणि नळी खाली झुकली, की चूक डोळ्यांसमोर येते. इथे मनाची समजूत घालायला जागाच उरत नाही.

साइट सरकवायची की नाही, हे पहिल्या दिवशी ठरवू नका. दुसऱ्या खेपेला, दुसऱ्या अनुभवी हातातूनही गट त्याच बाजूला पडत असेल, तरच. मागची साइट सरकवताना गोळी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला सरकवतात, आणि किती ते आधी काढतात: १० मीटरवर ५ सेंटीमीटर हलवायचं असेल तर वरच्या १२० मिलिमीटरवाल्या पिस्तुलात फक्त ०.६ मिलिमीटर. हातोडीने अंदाजे ठोकणाऱ्यांचा नेम यामुळेच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो.

अडकलं तर

कुठलीही अडचण आली तरी पहिली कृती एकच: नळी बटाकडे, बोट बाहेर, डावा हात वर करून रेंज ऑफिसरला खूण. पिस्तूल वळवून “हे बघा ना काय झालं” म्हणत मागे फिरायचं नाही.

‘टिक’ आवाज आला, गोळी सुटली नाही: नळी बटाकडे धरून ३० सेकंद थांबा. बारूद उशिरा पेटू शकतं. मग मॅगझिन काढा, काडतूस बाहेर काढा आणि बूड बघा. टिकलीवर (बुडाच्या मधल्या, पिन आदळते त्या गोल ठिपक्यावर) खोल खूण असेल तर काडतूस खराब. उथळ असेल तर ठोका हलका पडतोय, स्लाइड पूर्ण बंद झाली नव्हती किंवा पिनच्या वाटेत ग्रीस आहे. ते काडतूस खिशात टाकू नका, रेंज ऑफिसरकडे द्या.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली: नव्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा मनगट ढिलं असतं. हलक्या पिस्तुलाला मागे येण्यासाठी हाताचा आधार लागतो. हातच मागे गेला तर स्लाइड पूर्ण मागे पोचत नाही. मनगट कडक धरून पुढचा गट झाडा. तरीही तेच झालं तर पुंगळी ओढणारा हूक आणि तेल तपासा.

काडतूस चेंबरच्या तोंडाशी तिरकं अडकलं: मॅगझिनचा आकडा वहीत लिहा. त्याच मॅगझिनला दोनदा झालं तर ते मॅगझिन बाजूला ठेवा. दोन्हींना होत असेल तर दुकानदाराकडे.

आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ती खूण: आवाज ‘फुस्’ असा दबका, धक्का जवळजवळ नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी झाडली तर नळी फुटते. इथे ‘बघू चालतंय का’ म्हणत पुढचं काडतूस चढवायला स्लाइड ओढायची नाही. हत्यार रिकामं करा, खोला, मागच्या बाजूने नळीत उजेड दिसतो का बघा. दिसत नसेल तर त्या दिवसाची चाचणी संपली.

आवरताना

मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, रेंज ऑफिसरला दाखवूनच पेटी बंद करा. पुंगळ्या मोजा: झाडलेल्या, उरलेल्या आणि न सुटलेल्या मिळून ५० व्हायला हव्यात. तारीख, लॉट, कोणत्या मॅगझिनला काय झालं आणि गटाची रुंदी वहीत त्याच दिवशी लिहा. परवान्याच्या हिशेबाला आणि दुरुस्तीवाल्याला हीच नोंद उपयोगी पडते.

हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. गोळीतलं आणि टिकलीतलं शिसं बोटांवर बसलेलं असतं. आपल्याकडे लाइनवरून उतरताच तळहातावर तंबाखू-चुना मळायची घाई असते. तसं केलं तर ते शिसं सरळ तोंडात जातं. पुडी, विडी, शेव-चिवडा, सगळं हात धुतल्यावर. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा, लहान मूल उचलून घ्यायच्या आधी अंघोळ करा.

त्याच संध्याकाळी नळी साफ करा. पावसाळ्यात तर उद्यावर टाकूच नका, बारुदाची राख ओल धरते. कापड काळं निघणं थांबेपर्यंत चिंदी ओढा, मग तेलाचा पातळ हात. पिस्तूल चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवू नका, चामडं दमट राहतं आणि स्लाइडवर डाग पडतात. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नको.

दुसरी खेप पंधरा दिवसांच्या आत लावा. तोवर घरी, खोलीत काडतूस नसताना, डमी काडतूस घालून रोज दहा मिनिटं भिंतीवरच्या ठिपक्यावर कोरडा सराव करा. साइट हलू न देता ट्रिगर दाबणं एवढंच काम. एअर पिस्तूल मिळत असेल तर तेही चालतं. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर हत्याराला परवाना लागत नाही. पण त्याचा ट्रिगर अर्धा किलोच्या आसपास असतो आणि तुमच्या पिस्तुलाचा अडीच-तीन किलोचा, हे बोटाला आठवण करून द्यावी लागते.